घरासाठी रॅचेट पाना निवडताना: कोकणातील घरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी किनाऱ्याजवळच्या गावांत विहिरींवरचे पंप, ग्रास कटर आणि क्वचित लहान होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. रॅचेट पान्याविषयी मला विचारणारे बहुतेक जण पेटी विकत घेऊन झाल्यावर विचारतात, म्हणून ज्यांनी ती अजून घेतलेली नाही त्यांच्यासाठी ही उत्तरे जरा सविस्तर लिहिली आहेत. माझे एक म्हणणे पुढे वरचेवर येईल: आपल्याकडे घरगुती रॅचेट जोराने तुटतो त्यापेक्षा खाऱ्या हवेत आखडून अधिक वेळा निकामी होतो. त्यामुळे पेटीत किती नग आहेत हे मोजण्याआधी त्या दांड्याचे डोके उघडून साफ करता येते की नाही, हे पाहावे.

रॅचेट पाना नेमके काय करतो, आणि तो प्रत्येक घरात हवाच का?

रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चाक असते आणि त्या दातांत स्प्रिंगने रेटलेला एक लहानसा खटका अडकलेला असतो. दांडा एका दिशेने ओढला की खटका दातात रुततो आणि नट फिरतो; दांडा मागे नेला की खटका दातांवरून कर्रकर्र घसरतो आणि नट जागीच राहतो. चाकातून बाहेर आलेल्या चौकोनी खुंटीवर नटाच्या मापाची गोटी, म्हणजेच सॉकेट, बसते. साध्या पान्याप्रमाणे तो प्रत्येक वेळी काढून नव्याने लावावा लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. मात्र अडचणीच्या जागी तो फार मोठा ठरतो.

ज्या घरात वर्षातून दोनदा एखादा नट आवळायचा असतो, तिथे रिंग पान्यांचा एक बरा संच पुरतो आणि रॅचेटवर खर्च करण्याचे कारण नाही. घरी पंप, दुचाकी, ग्रास कटर आणि इन्व्हर्टर यांपैकी दोन वस्तू असल्या, तर मात्र तो घ्यावा.

पाव इंची, तीन सुती की अर्धा इंची?

ही मापे गोटीची नसून दांड्यावरच्या चौकोनी खुंटीची आहेत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून दुकानदार तीन सुती म्हणतो तेव्हा ३/८ इंच आणि चार सुती म्हणतो तेव्हा अर्धा इंच समजावे. काही पेट्यांवर हीच मापे ६.३, १० आणि १२.५ मिलिमीटर अशी छापलेली असतात.

तालुक्याच्या बाजारात दोनच गोष्टी सहज मिळतात. एक म्हणजे पाव इंची खुंटीची लहान पेटी, आणि दुसरी गॅरेजवाले वापरतात ती अर्धा इंची. घरासाठी मला यांच्या मधली तीन सुती योग्य वाटते. ती दुकानात समोर मांडलेली नसते, मागून घ्यावी लागते. अर्धा इंची दांडा साधारण २५ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या टोकाला २० किलोचा रेटा दिला, तर नटावर जवळपास ५० न्यूटन-मीटर इतका पीळ पडतो. पंपाच्या जाड बोल्टला एवढा पीळ सोसतो. पण ज्याच्या माथ्याला १० मिलिमीटरची गोटी लागते, त्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर म्हणजे भरपूर झाले, आणि तेवढा पीळ त्या लांब दांड्यावर अवघ्या चार किलोच्या रेट्याने मिळतो. चार किलो म्हणजे हाताला काहीच न जाणवण्याइतका जोर असतो. दुचाकीच्या इंजिनावरचे बोल्ट घरच्या घरी तुटतात ते याच कारणाने.

उलट, पाव इंची दांडा जेमतेम १५ सेंटिमीटरचा असतो आणि तो मिक्सर, शिलाई मशीन, सायकल किंवा दुचाकीची बाहेरची कव्हरे यांसाठी नेमका आहे. पंपाच्या फ्लँजवर, म्हणजे पाइप जोडायच्या बोल्ट लावलेल्या कडेवर, तो लावू नये. तीन सुती दांडा सुमारे २० सेंटिमीटरचा असतो आणि ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्यांना तो पुरेसा आहे. घरात याहून मोठा नट क्वचितच येतो. मोटारीच्या चाकाचे नट घरी सोडवायचे असतील, तर त्यासाठी रॅचेट नको. गाडीसोबत मिळालेला चाकाचा पाना किंवा रॅचेट नसलेला अर्धा इंची लांब दांडा वापरावा.

दात किती असावेत?

दात जितके अधिक, तितका दांडा कमी मागे न्यावा लागतो. पूर्ण फेऱ्याचे ३६० अंश दातांच्या संख्येने भागले की हे माप मिळते. २४ दातांचा रॅचेट दर खेपेस १५ अंश मागे जावा लागतो, ३६ दातांचा १० अंश आणि ७२ दातांचा फक्त ५ अंश. २० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाशी १५ अंश म्हणजे पाच सेंटिमीटरहून थोडे अधिक, आणि ५ अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण आपल्याकडे पंप बहुतेक वेळा जांभ्याच्या दगडात कोरलेल्या खड्ड्यात, भिंतीला जवळजवळ चिकटून बसवलेला असतो. मागच्या बाजूच्या बोल्टपाशी तीन बोटांची जागाही नसते, आणि तिथे २४ दातांचा रॅचेट मागे जाऊन पुढचा दात पकडण्याआधीच भिंतीला टेकतो.

तेव्हा ७२ दात असावेत, असे माझे मत आहे. ९० किंवा १२० दातांचे रॅचेटही मिळतात, परंतु दात वाढले की प्रत्येक दात बारीक होतो आणि स्वस्त मालात तो लवकर झिजतो. शिवाय बारीक दातांत साचलेली वाळू आणि सुकलेले ग्रीस खटक्याला खोलवर बसू देत नाही. पेटीवर दातांची संख्या लिहिलेली नसेल, तर खुंटीच्या एका कडेला खडूची खूण करावी, खुंटी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावी आणि आवाज मोजावेत. दुकानदाराला हा प्रकार गमतीचा वाटेल, तरीही मोजावे.

दुकानात हातात घेतल्यावर चांगला रॅचेट कसा ओळखावा?

आधी खुंटीवर लहानशी गोटी चढवावी आणि ती गोटी दोन बोटांच्या चिमटीत अगदी हलके धरून दांडा मागे-पुढे हलवावा. मागे नेताना दांडा गोटीला आपल्यासोबत ओढत असेल, तर तो रॅचेट परत करावा. नट ढिला झाल्यावर त्याला अडवणारे काही उरत नाही, आणि असा रॅचेट पुढे जेवढा फिरवतो तेवढाच नट मागे आणतो. मग नट शेवटी बोटांनीच फिरवावा लागतो. चांगल्या दांड्यात चिमटीतली गोटी हलत नाही, फक्त बारीक कर्रकर्र जाणवते.

त्यानंतर दिशा बदलण्याची कळ पाहावी. ती अंगठ्याने सरकली पाहिजे, पण खिशात किंवा पिशवीत घासून आपोआप उलटी होईल इतकी सैल नसावी. खुंटीवरचा लहान छर्रा नखाने दाबून पाहावा. तो आत जाऊन लगेच बाहेर आला पाहिजे, कारण गोटी त्याच्याच आधाराने टिकते. काही दांड्यांच्या पाठीवर गोटी सोडण्याचे बटण असते. ते सोयीचे आहे, परंतु विहिरीच्या काठावर काम करणाऱ्याने ते असलेला दांडा विचार करून घ्यावा. माझी १३ नंबरची एक गोटी अशीच तळहाताने बटण दाबले जाऊन पाण्यात गेली. बादली काढायच्या गळाला ती येईना, आणि शेवटी दोरीला चुंबक बांधून अर्धा दिवस खर्च केल्यावर हाती लागली. तेव्हापासून विहिरीवर मी बटण नसलेला दांडा नेतो आणि त्याला सुतळी बांधतो.

शेवटी डोके उलटे करून पाहावे. तिथे दोन लहान स्क्रू किंवा एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी, दिसली, तर ते डोके उघडते. काहीच दिसले नाही आणि झाकण ठोकून कायमचे बंद केलेले असेल, तर तो रॅचेट कितीही चकचकीत असला तरी किनाऱ्याजवळच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही. डोक्याचा आकारही पाहावा: गोल, जाड डोक्यापेक्षा नासपतीसारखे निमुळते डोके अडचणीत सहज शिरते.

शेहेचाळीस नगांची पेटी घ्यावी का?

ही पेटी जवळजवळ प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात असते आणि भेट म्हणूनही दिली जाते. तिच्यात पाव इंची रॅचेट, ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या, स्क्रू-ड्रायव्हरची बरीच टोके, एक्स्टेन्शन (दांडा आणि गोटी यांच्यामध्ये लावायचा लांबी वाढवणारा तुकडा) आणि ॲलन की (वाकडी षटकोनी चावी) असतात. घरातल्या बारीक कामांसाठी ती वाईट नाही. तिच्यातला रॅचेट हा मात्र बहुधा त्या पेटीतील सर्वांत दुबळा भाग असतो, आणि पेटी घेतली म्हणून पंपाचे काम होईल हा समज चुकीचा आहे.

माझा सल्ला असा आहे की एक चांगला तीन सुती दांडा सुटा घ्यावा, आणि त्यासोबत ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ या सात गोट्या, एक लहान व एक लांब एक्स्टेन्शन एवढेच घ्यावे. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियासारख्या कंपनीचा माल आपल्या बाजारांत सुटा मिळतो. सुट्या वस्तू घेण्याचा फायदा असा, की एखादी गोटी हरवली तर नवी पेटी घ्यावी लागत नाही. १० नंबरची गोटी हरवतेच. ती आधीच दोन घ्याव्यात.

गोट्या सहा कोनी घ्याव्यात की बारा कोनी?

सहा कोनी. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते, कारण ती दर ३० अंशांवर जुळते. परंतु ती नटाच्या कोपऱ्यांनाच धरते, आणि गंजाने कोपरे आधीच खाल्लेले असतील तर ती कोपऱ्यांवरून सरकून नट गोल करते. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर टेकते. रॅचेट असताना बारा कोनी गोटीच्या सोयीची फारशी गरजही उरत नाही, कारण जुळवून घेण्याचे काम दात करतातच.

जुन्या पंपांवर इंची बोल्ट असतात, तिथे मिलिमीटरची गोटी चालते का?

काही मापांत चालते, काहींत नाही, आणि याबाबत अंदाज करू नये. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९ ची गोटी तिथे व्यवस्थित बसते. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तिथे ८ ची चालते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तिथे १३ ची गोटी बसते, पण थोडी हलते, आणि नट गंजलेला असेल तर ती हालचाल नटाचे कोपरे मारायला पुरेशी ठरते. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, त्यावर १४ ची गोटी जात नाही. अशा वेळी लोक हातोडीने गोटी ठोकून बसवतात. ती बसते, मग निघत नाही.

गंजलेला नट रॅचेटने सोडवावा का?

नाही. घरगुती रॅचेट याच चुकीने सर्वाधिक मोडतात, आणि हे मी स्वतःच्या हातावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बागेतल्या विहिरीवर फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या पाइपच्या तळाशी असणाऱ्या झडपेच्या, फ्लँजचे नट सोडवायचे होते. भरती सुरू होण्याआधी मला खाडीपलीकडे दुसऱ्या कामावर पोहोचायचे होते, म्हणून मी तीन सुती रॅचेटवर दोन फुटांचा जीआय पाइप चढवला आणि पूर्ण वजन टाकले. नट हलला नाही. डोक्यात काहीतरी कडकन वाजले, दांडा एकदम मोकळा झाला आणि माझी मूठ जांभ्यावर आपटली. जांभा किती खरखरीत असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. तीन बोटांची सालटी निघाली, आणि संध्याकाळी डोके उघडले तेव्हा चाकाचे दोन दात अर्धे उडालेले दिसले. त्यात पाना करणाऱ्याचा दोष नव्हता.

कारण असे, की रिंग पान्यात सगळा जोर अखंड पोलादावर येतो, तर रॅचेटमध्ये तो खटक्याच्या दोन-चार दातांवर येतो. म्हणून पहिली हालचाल रिंग पान्याने किंवा गोट्यांच्या संचातल्या साध्या, न फिरणाऱ्या टी-हँडलने करावी आणि नट ढिला झाल्यावर रॅचेट लावावा. रॅचेटच्या दांड्यावर पाइप कधीही चढवू नये.

नट जुना आणि खाऱ्या पाण्याजवळचा असेल तर त्याला एक रात्र द्यावी. तारेच्या ब्रशने उघडे आटे आधी साफ करावेत, नाहीतर नट बाहेर येताना त्याच गंजात पुन्हा रुततो. त्यानंतर गंज सोडवणारा फवारा मारावा. तो नसेल तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून दोन-तीन वेळा सोडावे आणि नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत उतरते. दुसऱ्या दिवशी नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. गंजाची पकड अशाने मोडते. मगच तो सोडवावा. जवळ पीव्हीसी पाइप किंवा रबरी पॅकिंग असेल तर ज्योतीने तापवू नये. एवढे करूनही नट हलला नाही, तर तो करवतीने कापून नवा बोल्ट घालणे स्वस्त पडते.

नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घातले तर हा त्रास संपेल का?

बराच कमी होतो, मात्र स्टेनलेसची स्वतःची एक खोड आहे. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट कोरडा आणि भराभर फिरवला, तर घर्षणाने आटे एकमेकांत चिकटतात आणि नट मध्येच कायमचा अडकतो. पुढे नाही, मागेही नाही. रॅचेट हातात असला की वेगाने फिरवण्याचा मोह होतो, म्हणून ही सूचना इथे दिली आहे. आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि नट सावकाश न्यावा. समुद्राचे तुषार प्रत्यक्ष येतात अशा जागी ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचे स्टेनलेस मागावे. अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचा बोल्ट घालून त्याला खारे पाणी लागू दिले, तर खराब होते ते अॅल्युमिनियम.

खाऱ्या हवेत कोणता रॅचेट टिकतो?

बहुतेक बऱ्या रॅचेटचे आणि गोट्यांचे पोलाद क्रोम-व्हॅनेडियम असते. हे नाव ऐकून अनेकांना ते गंजत नाही असे वाटते. परंतु ते मिश्रण मजबुतीसाठी आहे, आणि गंजापासून संरक्षण वरचा निकेल-क्रोमचा पातळ मुलामा करतो. मुलामा उडाला की खालचे पोलाद साध्या लोखंडाप्रमाणेच लाल होते. शिवाय उडालेल्या मुलाम्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि बोट कापतात. खुंटीच्या कोपऱ्यांत आणि गोटीच्या आतल्या बाजूला मुलामा नीट बसला आहे की नाही, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. काळ्या गोट्या इम्पॅक्ट यंत्रासाठी, म्हणजे नटाला झटके देत फिरवणाऱ्या यंत्रासाठी, असतात. त्या जाड आणि दणकट असल्या तरी त्यांचा काळा थर गंज फारसा रोखत नाही, आणि घरात त्यांची गरज नाही. मात्र चकचकीत क्रोमच्या गोट्या इम्पॅक्ट यंत्रावर लावू नयेत, त्या तडकतात.

मुठीला रबराची खोळ असलेला दांडा हाताला बरा लागतो. आपल्या हवेत मात्र त्या खोळीखाली ओल साचते आणि गंज आतून वाढत जातो. तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. खाचा पाडलेली नुसत्या पोलादाची मूठ मला अधिक पसंत आहे.

निगा कशी राखावी? खोबरेल तेल चालेल का?

खोबरेल तेल प्रत्येक घरात असते, म्हणून हा प्रश्न येणारच. ते तात्पुरते चालते. पण ते पुढे खवट होते, धूळ धरते आणि जानेवारीच्या गारठ्यात थिजते. थिजलेल्या तेलात खटक्याची स्प्रिंग हलत नाही आणि रॅचेट दोन्ही बाजूंना मोकळा फिरू लागतो. शिलाई मशीनचे तेल घ्यावे. चाकांच्या बेअरिंगचे जाड ग्रीस डोक्यात भरणे हीदेखील तशीच चूक आहे.

वर्षातून दोनदा डोके उघडून साफ करावे: एकदा मृगाचा पाऊस लागण्याआधी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, जेव्हा हत्यारे पूजेसाठी बाहेर निघतातच. जमिनीवर पांढरे कापड किंवा वर्तमानपत्र पसरून त्यावरच उघडावे, कारण खटक्यामागची स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि झाकण उचलताच उडते. शेणाच्या जमिनीवर ती शोधण्याचा अनुभव मी दोनदा घेतला आहे. कोणता भाग कोणत्या बाजूने बसला होता, याचा फोनवर फोटो काढून ठेवावा. भाग रॉकेलमध्ये धुवावेत, कोरडे करावेत, तेलाचे दोन थेंब द्यावेत आणि झाकण बंद करावे. सगळे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे. पूजेत हत्यारांना हळद-कुंकवाची बोटे लागली असतील, तर दुसऱ्या दिवशी ती ओल पुसून टाकावी.

रॅचेट खाऱ्या पाण्यात भिजला असेल, तर तो त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवून उन्हात सुकवावा आणि मग तेल लावावे. नुसते पुसल्याने मीठ जात नाही. तो पंपाच्या खोपीत किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवू नये, कारण गोणपाट ओल शोषून धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, तेलाचा हात फिरवलेल्या सुती फडक्यात आणि सिलिका जेलच्या एक-दोन पुड्यांसोबत तो व्यवस्थित राहतो.

ग्रास कटरच्या पात्याचा नट सुटत नाही, उलट अधिक घट्ट होतो. असे का?

कारण त्याचे आटे बहुधा उलटे असतात. पाते गवतात अडले तरी नट सैल न होता आवळला जावा, यासाठी ही रचना असते. तिथे नट सोडवताना रॅचेटची कळ आवळण्याच्या बाजूला ठेवावी लागते, म्हणजे नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटतो. पाते अडवण्यासाठी गिअरपेटीच्या भोकात पिन किंवा ॲलन की घालावी आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटेही असेच उलटे असतात.

स्पार्क प्लगसाठी रॅचेट वापरावा का?

काढताना वापरावा, लावताना फक्त शेवटच्या आवळणीसाठी. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगला १६ ची लांब गोटी लागते. नवा प्लग गोटी आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांनी फिरवून टेकेपर्यंत न्यावा, आणि मग रॅचेटने साधारण अर्धा फेरा द्यावा, तोही प्लगला नवे वॉशर असेल तर. प्लग तिरका बसला आणि रॅचेटने रेटला, तर इंजिनाच्या अॅल्युमिनियमचे आटे जातात. तो खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

पावसापूर्वी छपराचे पत्रे आवळण्यासाठी कोणती गोटी लागते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हापासून मे महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. हुक बोल्टचा दांडा नटाच्या वर बराच निघालेला असतो, त्यामुळे साधी गोटी नटापर्यंत पोहोचत नाही आणि लांब गोटी घ्यावी लागते. ८ मिलिमीटरच्या हुकाला बहुधा १३ ची लागते. पत्र्याच्या स्क्रूचा षटकोनी माथा सामान्यतः ८ च्या गोटीत बसतो. सिमेंटचा पत्रा असेल तर वॉशर दबला की थांबावे. रॅचेटच्या लांब दांड्याने आणखी एक फेरा दिला की पत्र्याला बारीक चीर जाते, आणि ती पहिल्या पावसात कळते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर रॅचेट वापरणे सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर आहे. आधी इन्व्हर्टर बंद करावा आणि त्याचा प्लग काढावा. बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे. निगेटिव्ह वायर प्रथम सोडवावी आणि शेवटी जोडावी. रॅचेट दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकला तर मोठी ठिणगी पडते आणि दांडा क्षणात लाल तापतो, म्हणून दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि एक्स्टेन्शन शक्यतो वापरू नये.

नळाच्या कामाला रॅचेट चालतो का?

नाही. पाइपवरून गोटी घालता येत नाही. त्यासाठी पाइप पाना किंवा स्क्रू पाना घ्यावा.

रॅचेट मध्येच घसरू लागला तर तो टाकून द्यावा का?

लगेच नाही. डोके उघडून आधी ग्रीस पाहावे. ते सुकून मेणासारखे झाले असेल, तर नुसत्या साफसफाईने पाना पूर्ववत होतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच याच प्रकारचे असतात. स्प्रिंग मोडली असेल तर जुन्या बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवण्याचा उद्योग लोक करतात; तिची ताकद कमी पडते आणि खटका भाराखाली सुटतो, म्हणून तसे करू नये. त्या दांड्याचा दुरुस्ती संच मिळतो का, हे दुकानात विचारावे. चाकाचे किंवा खटक्याचे दात गोल झाले असतील आणि संच मिळत नसेल, तर फक्त दांडा नवा घ्यावा. खुंटीचे माप ठरलेले असल्यामुळे जुन्या गोट्या कोणत्याही कंपनीच्या तीन सुती दांड्यावर बसतात.